पत्र्याखालचा वैशाख

लोहा, चैत्र वद्य पंचमी

चि. श्रीनिवास यास काकाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र पोहोचले. परसातील मोकळ्या जागेत गाडीसाठी गॅरेज बांधावे आणि त्यातच अवजारे, फवारणीचे पंप व पेऱ्यापर्यंत सोयाबीनच्या बियाण्याची पोती ठेवावीत, हा तुझा मनोदय समजला. परंतु लोखंडी कैच्यांवर पत्रे टाकून व रस्त्याच्या म्हणजे पश्चिमेच्या बाजूस शटर बसवून महिन्याभरात काम उरकण्याची जी तजवीज तू मिस्त्र्याशी ठरवली आहेस, तिला मी अद्याप रुकार दिलेला नाही. त्याचे कारण सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते. कारण एकदा उभे राहिलेले छप्पर पुढे वीस-पंचवीस उन्हाळे निमूटपणे सोसावे लागते.

प्रथम सूर्याची गती ध्यानात घे. आपले गाव उत्तर अक्षांशाच्या सुमारे 19 अंशांवर वसलेले असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास माध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर येतो, आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी लोपते. अर्थात ज्या दिवसांत उष्म्याचा कहर असतो, नेमक्या त्याच दिवसांत दक्षिणेच्या भिंतीस ऊन जवळजवळ लागतच नाही. सारा मारा छपरावर होतो, आणि तिसऱ्या प्रहरानंतर तो पश्चिमेच्या अंगावर उतरतो. म्हणून खर्चाचा क्रमही तसाच असावा: आधी छप्पर, मग पश्चिम, त्यानंतर हवेची वाट, आणि पंखा वा कूलर सर्वांच्या शेवटी. तुझ्या आराखड्यात छपराचा पत्रा उघडा आहे, पश्चिमेस लोखंडाचे दार आहे, आणि उपाय म्हणून कूलर लिहिलेला आहे.

आपल्या जुन्या घराच्या माळवदाखाली भर वैशाखात मनुष्य सुखाने झोपत असे, त्याचे रहस्य जाडीत होते. तुळयांवर लाकडी पट्ट्या, त्यांवर कडुनिंबाचा पाला, पाल्यावर मातीचा जाड थर आणि सर्वांवर पाणी अडवणारी पांढरी माती, एवढा पल्ला ओलांडून दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असे, आणि तोवर बाहेरची हवा निवून सवण्यातून व दारांतून घरात खेळू लागलेली असे. दिवसा दारे लोटून घ्यावीत व दिवेलागणीनंतर ती सताड उघडावीत, हा आजीचा शिरस्ता त्या बांधणीचाच अविभाज्य भाग होता.

मात्र त्या थंडाव्याची किंमतही आपल्या मुलुखाने मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीस जो भूकंप झाला, त्यात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सहस्रावधी माणसे निजल्या जागी गतप्राण झाली, आणि त्यांतील बहुतेकांचा घात त्यांच्या स्वतःच्या घरांनीच केला. गोल, अनघड दगड मातीच्या गाऱ्यात रचलेल्या त्या रुंद भिंतींचे आतले व बाहेरचे अंग एकमेकांस बांधून ठेवणारे लांब दगड नव्हते. वरचे माळवद तर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती पडत जाऊन पिढ्यानपिढ्या जड होत गेलेले. कित्येक ठिकाणी लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती मात्र ढासळल्या. त्या पहाटेचा हादरा आपल्या लोह्यातही जाणवला होता. त्यानंतर ज्यांनी पत्र्याखाली झोपणे पत्करले, त्यांना मी कधीही दोष देणार नाही. माझे दुःख एवढेच आहे की, भीतीपोटी मातीचे ओझे टाकून देताना त्या मातीने दिलेल्या सावलीचे शहाणपणही आपण टाकून दिले. वस्तुतः जीव घेतला तो वजनाने. थंडावा वजनावाचूनही साधता येतो, आणि तो कसा साधावा हेच मला तुला सांगायचे आहे.

पत्रा कागदासारखा पातळ असल्याने तो घटकाभरात तापतो आणि शेकोटीप्रमाणे खालच्या वस्तूंवर सरळ धग टाकतो. ती धग पंख्याच्या वाऱ्याने हटत नाही. तेव्हा पत्र्यास ऊन लागूच नये, किंवा लागल्यास ते परतून जावे. पत्र्याच्या वर दीड-दोन फुटांवर नळ्यांच्या सांगाड्यावर शेडनेट ताणून घे, वळवाच्या वादळास पुरून उरेल असे घट्ट. खाली पत्र्यास पांढरा, ऊन परतवणारा रंग दे. रंगाच्या जागी चुना नको, कारण ओला चुना पत्र्यावरील जस्त खातो. चुना भिंतींना द्यावा, तिथे त्याच्यासारखा स्वस्त उपाय नाही. ज्या हैदराबाद राज्यात 1956 पर्यंत आपला नांदेड जिल्हा मोडत होता, त्याच हैदराबादेतून चालणाऱ्या तेलंगणा सरकारने 2023 साली अशा थंड छपरांचे धोरणच जाहीर केले आहे. पत्र्याखाली तुराट्यांचे किंवा तट्ट्यांचे छत घालण्याची मिस्त्र्याची सूचना मात्र मला मुळीच मान्य नाही. जिथे पेट्रोलची टाकी उभी राहणार, तिथे वाळलेले सरपण डोक्यावर नको. छत करायचेच तर ते सिमेंटच्या तक्त्यांचे, आणि वर वितभर पोकळी दोन्ही टोकांस उघडी ठेवून.

हवेविषयी एक भेद नीट समजून घे. माळवदाची खोली दिवसा बंद ठेवणे योग्य, कारण आतली हवा बाहेरच्याहून थंड असते; पत्र्याच्या शेडमध्ये स्थिती उलटी असते, म्हणून ती दिवसाही उघडीच हवी. उत्तरेच्या भिंतीत जमिनीलगत झरोके आणि आढ्याशी, जिथे तप्त हवा साचते, तिथे मोठी तोंडे ठेव. दोहोंस बारीक जाळी लाव, नाहीतर उंदीर बियाण्याचा फडशा पाडतील. शटर उत्तरेस वळवता आले तर उत्तम. रस्त्यामुळे तसे होत नसेल तर त्यापुढे चार-पाच फुटांचा पडवीसारखा झोक काढ. प्रवासाहून आलेली गाडी त्या झोकाखाली थोडा वेळ निवू दे, मग आत घे; तापलेले इंजिन ही बंद शेडमधली चालती चूलच आहे.

कूलरविषयी माझे मत कठोर आहे. चैत्र-वैशाखाची कोरडी हवा त्याला अनुकूल असते हे खरे. परंतु ज्या लातुरास 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच्या शेजारी राहून गाडी गार करण्यासाठी पाणी उडवणे मला रुचत नाही. शिवाय त्या ओलाव्याने बियाणे बिघडते, ते वेगळेच.

बियाण्याची चिंता मला गाडीहून अधिक आहे. सोयाबीनचे टरफल नाजूक. उष्णता व दमट हवा या दोहोंनी त्याची उगवण झपाट्याने घसरते, आणि 70 टक्क्यांखाली उगवणारे बियाणे पेरणीस योग्य गणले जात नाही. या वर्षी तरी पोती शेडमध्ये न ठेवता जुन्या मधल्या खोलीत, भिंतीपासून हात सोडून, लाकडी फळ्यांवर, चार-पाचांहून उंच थप्पी न लावता ठेवण्याचा बंदोबस्त मी करतो. पेऱ्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहीन व तुला कळवीन. गाडीच्या बॅटरीसही उष्मा मानवत नाही. सुमारे 10 अंशांच्या वाढीने तिचे आयुष्य निम्म्यावर येते असा ठोकताळा आहे, म्हणून वापरात नसलेली बॅटरी याच खोलीत आणून ठेव.

मिस्त्र्यास मी पंधरवड्यापुरते थांबवले आहे. शटर उत्तरेस नेल्यास फाटकापासून गाडी वळवण्यास किती जागा उरते, याचे माप काढून नकाशासह उलट टपाली पाठवावे, म्हणजे कैच्यांचा हिशेब मला त्याच्याशी नव्याने ठरवता येईल. सौ. सूनबाईस व मुलांस आशीर्वाद.

कळावे,
तुझा काका