दोघी दिवसांतल्या

आटपाडीकडच्या आमच्या वस्तीवर सध्या दोघी दिवसांतल्या आहोत, मी आणि खिलार गाय हरणी. गाईचेही दिवस बाईइतकेच, साधारण 280. त्यामुळे सासूबाई एकाच दमात दोघींची विचारपूस करतात. हरणीचं दूध त्यांनी दोन महिने आधीच आटवलं, कासेला विसावा हवा म्हणून. आता कास पुन्हा तटतटलीय, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडलेत. सासूबाई रोज संध्याकाळी तिथं बोटं दाबून बघतात आणि म्हणतात, "अजून नाही गं."

यंदा ती विताना मला गोठ्यात जायची बंदी आहे. गाईला सांसर्गिक गर्भपाताचा आजार असला, तर वार हाताळल्यानं किंवा कच्च्या दुधातून तो माणसालाही होतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. पटतं, तरी जीव तिकडेच ओढ घेतो. वासरू तासाभरात धडपडत उभं राहतं, चिकासाठी सड शोधतं. माझ्या बाळाला उभं राहायला वर्ष लागेल. ते अख्खं वर्ष मला हवंय, रात्रीच्या जागरणांसकट.

पुढच्या आठवड्यात भाऊ न्यायला येईल. पहिलं बाळंतपण माहेरीच. त्याआधी हरणी सुखरूप व्यायली, तर मी निवांत जाईन.