नारळांचे दगड

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांनी आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या डोंगरांना खुशाल हसावे. वडनेर हे नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. भोवती काळीभोर सपाट जमीन, आणि डोंगर म्हणजे क्षितिजावरची निळसर रेघ! तरीही गेल्या पौषात आम्ही तिघे बालमित्र गिरडची टेकडी चढून माथ्यावरून धारेधारेने तास-दीड तास चाललो. एक भूगोलाचा मास्तर, एक वडनेरचाच शेतकरी आणि तिसरा मी, मराठीचा प्राध्यापक. म्हणजे चालण्यापेक्षा बोलण्यात तरबेज.

हिंगणघाट, समुद्रपूर करीत पायथ्याशी पोचलो तेव्हा बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे श्रद्धेने येतात. दर्शन घेऊन पुढे निघालो, तो पायांखाली गोल गोल दगड. त्यांची कथा अशी, की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली आणि त्यांच्याजवळच्या साऱ्या नारळांचे दगड झाले!

"अरे, ही झिओलाइट खनिजं!" मास्तर सरसावले. "सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला. तो थिजताना आत पोकळ्या राहिल्या, त्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजं साचत गेली. खडक झिजला, गोळे मोकळे झाले. आपल्या कापसाची काळी मातीही त्याच खडकाची लेक!"

शेतकरी मित्र हसला. "अन् पुढची गोष्ट कोण सांगन गा? त्या व्यापाऱ्यांनी माफी मागितली. बाबानं वाळलेल्या पानांचा नवा माल करून देल्ला. मंग थे जलमभर त्याच्याच सेवेत राह्यले."

मी गप्प झालो. तीस वर्षांपूर्वी, वडील अंथरुणाला खिळले म्हणून या मित्राने कॉलेज सोडले, तेव्हा भर पंगतीत मी म्हणालो होतो, "मातीत राहून मातीच होशील!" सगळे हसले होते. तोही हसला होता. पुढे त्याच मातीवर त्याने दोन बहिणींची लग्ने केली, कर्ज काढले, फेडले, पुन्हा काढले. मी मात्र दर दिवाळीला त्याच्या घरी फराळ करून यायचो आणि ते वाक्य विसरल्याचे सोंग करायचो.

धारेच्या टोकाशी टेकलो. खाली कापसाची पांढरी शेते उन्हात उजळली होती. मी कसेबसे म्हणालो, "त्या पंगतीतलं माझं बोलणं... चुकलंच रे."

तो बराच वेळ शेतांकडे पाहत राहिला. "तवा मले लय लागलं होतं गा," तो म्हणाला. एवढेच. मग त्याने फडके सोडले. ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची भाजी. पहिला तुकडा मोडून त्याने माझ्या हातावर ठेवला.

उतरताना मास्तरांनी एक गोळा खिशात घातला, वर्गात दाखवायला. मी एकही उचलला नाही. माझ्याजवळचा एक तीस वर्षे जड झाला होता; तो वरच ठेवून आलो.