अण्णांची जावा आणि हिंगण्याची वाट

नागपुरात कोणाला ‘जरा हिंगण्याला जाऊन येतो’ असे म्हटले, की तीन प्रश्न ठरलेले असतात. कारखान्यात काम आहे का? कॉलेजात मुलाचा प्रवेश आहे का? नाहीतर, देव न करो, दवाखान्यात कोणी आहे का? या तिन्हींपैकी एकाही कामासाठी न जाणारा माणूस हिंगण्याच्या वाटेला लागतच नाही, अशी लोकांची ठाम समजूत आहे. मी मात्र मे महिन्यातल्या एका सकाळी त्या वाटेला लागलो, तो हातात पितळी डबा घेऊन. ‘भाऊजी, डबा कोणासाठी?’ असे वहिनीने विचारले, तेव्हा मी झाकण उघडून दाखवले. आत पोळीभाजी नव्हती. काळ्या, तडकलेल्या, चिंचेच्या वाळक्या आकड्यासारख्या दिसणाऱ्या रबराच्या वस्तू होत्या.

ही हकीकत नीट समजायची तर आधी आमच्या अण्णांच्या गाडीची ओळख करून द्यायला हवी.

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. भंडाऱ्याकडचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना तिकडे ‘मामा तलाव’ म्हणतात, त्यांच्या पाळी आणि तुडूम तपासत हिंडणे हे त्यांचे काम. १९६४ साली त्यांनी जावा मोटरसायकल घेतली. जावा हे नाव ऐकून लहानपणी आम्हांला वाटे, ती जावा बेटावरून आली असणार. वास्तविक ती चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकली बनवण्याचे हक्क घेतले आणि आपल्या नावातले ‘जा’ व त्या कंपनीतले ‘वा’ जोडून हे नाव तयार केले. आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून ही गाडी बनू लागली. १९७३ पासून तिथल्या गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले. पण नव्या गाडीचे भाग जुनीला लागत नाहीत. नाव मिळाले म्हणून नाते जुळतेच असे नाही.

या गाडीच्या दोन खुबी सांगितल्याच पाहिजेत. एक म्हणजे, जो दांडा पायाने मारून गाडी सुरू करायची, तोच दांडा फिरवून घेतला की गिअरचा होतो. एकाच रबरावर दोन कामांचा भार. आणि दुसरी म्हणजे तिची साखळी कुठे दिसत नाही. ती संपूर्ण पत्र्याच्या पेटीत आणि रबराच्या दोन नळ्यांत झाकलेली असते. त्यामुळे धुळीच्या रस्त्यावर पंचवीस-तीस मैल हिंडून आले, तरी अण्णांच्या धोतराला वंगणाचा डाग लागलेला आईला कधी दिसला नाही. या एका गुणावर आईने त्या गाडीला घरात जागा दिली होती.

अण्णा गेले. गाडी महालातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीत राहिली. मी नोकरीनिमित्त ठाण्याला, धाकटा भाऊ नागपूरला. आता ते घर पाडून तिथे इमारत व्हायची ठरली. धाकटा म्हणाला, “दादा, भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. उगाच भावनेच्या भरात राहू नको.” त्याचेही चुकत नव्हते. आईने मात्र एवढेच म्हटले, “ती या घरात स्वतःच्या चाकांवर आली होती. जाईल ती स्वतःच्या चाकांवर जाऊ दे.” आईचे वय शहाऐंशी. त्या वयात माणूस फारसे काही मागत नाही, आणि मागितले तर नाही म्हणवत नाही.

झाले! एका जाणत्या मेकॅनिकच्या हाती गाडी दिली. आम्हांला वाटत होते, साठ वर्षांच्या इंजिनाचे काय उरले असणार? पण इंजिन चटकन मार्गी लागले. दट्ट्या मिळाला, कड्या मिळाल्या, बेअरिंगे तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली. अडले ते रबराशी. साखळीच्या नळ्या हात लावताच चुरल्या. मागल्या चाकाच्या तुंब्यात रबराच्या गाद्या असतात, इंजिनाचा हिसका त्या पोटात घेतात. त्या दगड झालेल्या. बाजारातून नक्कल आणून बसवली, तर ती मुळात घट्ट बसेना, आणि नागपूरचा एक उन्हाळा पाहताच तिला भेगा गेल्या. मेकॅनिक म्हणाला, “लोखंड राह्यते दादा, रबर जाते.” आणि त्यानेच हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या रबर कारखान्याचा पत्ता दिला.

सीताबर्डीहून मेट्रोत बसलो. ही गाडी २०२० च्या जानेवारीपासून लोकमान्यनगरपर्यंत धावते. अण्णांच्या काळी हिंगण्याचा रस्ता म्हणजे ऊन, धूळ आणि बैलगाड्या. आता आपण थंडगार डब्यात बसून घरांच्या गच्च्यांवरचे वाळवण बघत जातो. वाटेत अंबाझरीचे पाणी लखकन चमकते. लोकमान्यनगरला उतरून बाहेर आलो, तेव्हा नागपूरच्या मे महिन्याने थोबाडीत मारावी तसे स्वागत केले. तिथून ऑटो.

राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि हिंगण्याच्या माळावर कारखान्यांची वसाहत उभी राहिली. महिंद्रांचा ट्रॅक्टरचा मोठा कारखाना इथलाच. पण मोठ्या फाटकांच्या मागच्या गल्ल्यांत शिरले, की खरी वसाहत भेटते. एका शेडमध्ये लेथ, दुसऱ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या, तिसऱ्यात खोकी. मला हवी असलेली शेड वासावरून सापडली. तापलेल्या रबराचा आणि गंधकाचा तो वास एकदा नाकात गेला, की दोन दिवस निघत नाही.

कारखाना कसला, पत्र्याच्या छपराखाली दोन प्रेस, एक रूळयंत्र आणि पाच माणसे. मालक सत्तरीला आलेले. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. मी डबा उघडला. त्यांनी एकेक तुकडा हातात घेतला, वाकवला, नखाने खरवडला, नाकाशी नेला. मग म्हणाले, “साहेब, हे रबर खोटं बोलते.”

मी चमकलो. “म्हणजे अस्सल नाही?”

“अस्सलच आहे जी. पण म्हातारं झालं. कुठं आकसलं, कुठं तेल पिऊन फुगलं. याचं माप घेऊन नवीन केलं, तर तेही तसंच वाकडं होईन. रबराले नका विचारू. लोखंडाले विचारा. हे जिथं बसते, ते लोखंड आणून द्या.”

बाजारातल्या नकला का बसत नाहीत, याचा उलगडा मला त्या एका वाक्यात झाला. साच्यातून निघालेले रबर थंड होताना थोडे आकसते, शेकडा दीड-दोन तरी. म्हणून साचा तेवढा मोठा कोरावा लागतो. एकाने जुन्या तुकड्यावरून माप घेतले, दुसऱ्याने त्याच्या नकलेवरून, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. म्हणजे दर पिढीला वस्तू थोडी लहान आणि थोडी वेडीवाकडी होत जाते.

मिस्त्रींनी मला बाकावर बसवून सगळे दाखवले. केरळकडून आलेल्या कच्च्या रबराच्या लाद्या दोन रुळांमध्ये मळतात, अगदी पुरणपोळीच्या कणकेसारख्या. त्यात काजळी, झिंक ऑक्साइड आणि शेवटी गंधक. गंधकाची करामत अमेरिकेतल्या गुडइयरला १८३९ साली सापडली. त्याआधीचे रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचे आणि थंडीत कडक. गंधक घालून तापवले, की त्याला कायमचा ताठा आणि लवचिकपणा येतो. मळलेला गोळा पोलादी साच्यात घालायचा, प्रेसमध्ये दीडशे अंशांच्या आसपास तापवत दाबून धरायचा, काही मिनिटांनी उघडायचा आणि कडेला आलेला पापुद्रा कात्रीने उतरवायचा. साखळीच्या नळीसारखी घड्या असलेली वस्तू असेल, तर आतल्या गाभ्यावरून ती गरम असतानाच ताणून सोलून काढावी लागते. एक पोरगा हातमोजे घालून ते करत होता. बाळाच्या पायातला मोजा काढावा इतक्या हलक्या हाताने.

“सगळ्याले एकच रबर नाही चालत,” मिस्त्री सांगत होते. हिसका सोसायचा असेल तर नैसर्गिक रबर उत्तम; पण तेलाशी त्याचे वैर. पेट्रोलशी गाठ असेल तर नायट्राइल. ऊन आणि वंगण दोन्ही असेल तर निओप्रीन. त्यात आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. साठ वर्षांपूर्वीच्या रबराला ते ठाऊकच नव्हते. म्हणजे आकार जुना ठेवायचा आणि जिन्नस आजचा निवडायचा. पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याचा नियम सरकारने २०२१ साली केला, तेव्हापासून मूळ रूपाचा आग्रह धरणारे माझ्यासारखे बरेच लोक त्यांच्याकडे येतात. त्यांनाही ते हेच सांगतात.

आता प्रश्न पैशाचा. साच्यांची किंमत ऐकून मी डब्याचे झाकण लावायला घेतले. एका गाडीसाठी एवढे साचे म्हणजे एका पोळीसाठी पिठाची गिरणी घालण्यासारखे. मिस्त्री हसले. “तुमच्या एकट्याची गाडी आहे का? नागपूर, वर्धा, अमरावती, कितीक जावा झाकून ठेवल्या आहेत लोकांनी. त्याइले गोळा करा. साचा एकदाच लागते.”

मेकॅनिकने ओळखीपाळखी काढल्या. एक निवृत्त मास्तर, एक दंतवैद्य, वर्ध्याचे किराणा दुकानदार, वडिलांची गाडी जपणारी अमरावतीची एक प्राध्यापिका, असे बारा जण जमले. वर्गणी झाली. धाकट्याने कपाळावर आठ्या घालत का होईना, आपला वाटा दिला. मागल्या चाकाचा तुंबा आणि साखळीची पेटी आम्ही हिंगण्याला पोहोचती केली.

राहता राहिले गिअरच्या दांड्याचे रबर. त्यावर कंपनीच्या नावाची चार अक्षरे उठावात होती. मी म्हणालो, “मिस्त्री, साच्यात ही अक्षरेही कोरा. अगदी अस्सल दिसेल.”

मिस्त्रींनी मान हलवली. “ते नाही जमणार जी.”

“कोरायला कठीण आहे का?”

“कोरायले काय कठीण? पोरगा तासाभरात कोरन. पण ते नाव माझं नाही. रबर मी केलं आणि नाव त्याइचं टाकलं, तर उद्या कोणी अस्सल म्हणून विकन. दोष निघाला तर माझ्या अंगावर यायले पाह्यजे. त्याइच्या नाही.”

मी थोडा खट्टू झालो. एवढा खटाटोप करायचा आणि शेवटी वस्तू कोरी! पण त्यांच्यापुढे वाद घालण्याची हिंमत झाली नाही.

भाद्रपदात माल तयार झाल्याचा निरोप आला. गाद्या त्यांनी दोन कडकपणाच्या केल्या होत्या. “जुनीचा कडकपणा मोजून उपयोग नाही, ती वयानं कडक झाली. दोन्ही लावून पाहा, गाडीच सांगन.” त्या दिवशी ऊन मऊ होते. वेळ होता, म्हणून पुढे हिंगणा गावात गेलो. कारखान्यांचा धूर मागे पडला आणि वेणा नदी लागली. पावसाळ्याचे गढूळ, भरले पाणी. टपरीवर तर्रीदार पोहे खाल्ले. डबा मांडीवर होता; त्यात काळेभोर, नवे कोरे रबर. अण्णा या रस्त्याने कधी आले असतील का, असे मनात येऊन गेले.

घरी आल्यावर मेकॅनिकने एकेक भाग बसवला. साखळीच्या नळ्या टपकन आपल्या जागी बसल्या. गाद्यांपैकी मऊ जोडी गाडीने पसंत केली. शेवटी गिअरच्या दांड्याचे रबर बदलायचे म्हणून जुने उतरवले आणि प्रथमच नीट निरखून पाहिले. मी ज्यांच्यासाठी हट्ट धरला होता, त्या चार अक्षरांपैकी दोन तर मुळात उरलीच नव्हती. उरलेली दोन बोटाने चाचपावी लागत होती. अण्णांच्या डाव्या बुटाने वर्षानुवर्षे ती पुसत आणली होती. आणखी काही वर्षे ते फिरते, तर तेही कोरेच झाले असते.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली. आईला ओसरीत खुर्चीवर बसवले. धाकटा पुढे झाला आणि म्हणाला, “दादा, मी मारतो किक.” भंगारवाल्याचे नाव त्याने त्यानंतर काढलेले नाही. दुसऱ्या किकला गाडीने निळसर धूर सोडला आणि तो ओळखीचा आवाज महालाच्या गल्लीत घुमला. आई काही बोलली नाही. गाडी दरवाज्यातून बाहेर पडेपर्यंत ती चाकांकडे बघत होती. मग म्हणाली, “धोतराला डाग लागायचा नाही ना रे आता?”

धोतर कोणी नेसत नाही, हे तिला कोण सांगणार? मी म्हटले, “नाही लागायचा, आई. नळ्या नव्या आहेत.”

जुने रबर मी त्याच पितळी डब्यात ठेवले आहे. साचे मात्र हिंगण्यालाच आहेत, मिस्त्रींच्या मांडणीवर तेल लावून ठेवलेले. तेराव्या गाडीचा मालक आला, की ते पुन्हा तापतील.