मागच्या सीटवरचं माणूस

गेले सहा महिने आमच्या घरात एकच विषय चालू होता. गाडी कुठली घ्यायची? चारचाकी नव्हे हो, मोटारसायकल! छप्पन्नाव्या वर्षी माणसाला असलं काही सुचलं की नातेवाईक आधी त्याच्याकडे बघतात आणि मग सौ.कडे, सहानुभूतीने. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो, म्हणजे लग्नकार्यात प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

तर बेत असा होता. मुरूडपासून किनाऱ्याकिनाऱ्याने निघायचं, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटी घेत गुहागरला पोचायचं. गुहागर म्हणजे सौ.चं माहेर. दोघांनी, एकाच गाडीवर, आरामात चार दिवस लावून.

मी लगेच अभ्यासाला लागलो. वहीत रकाने आखले: सीसी, अश्वशक्ती, टाकी, वजन, किंमत. हिमालयन 450 सगळ्यात वर, 452 सीसी आणि साधारण 40 अश्वशक्ती. त्याखाली होंडाची सीबी350, क्लासिक 350, मीटिओर 350. एका रात्री कौतुकाने वही सौ.पुढे ठेवली. तिने चष्मा लावून शांतपणे वाचली आणि विचारलं,

"अहो, यात माझा रकाना कुठला?"

मी हसण्यावारी नेलं. तेव्हा म्हणाली, "आणि मी येते असं अजून म्हटलेलं नाही."

इथे थोडं मागे जायला हवं. 2006 साली आम्ही दोघं पुण्याहून गुहागरला मोटारसायकलने गेलो होतो. सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण... पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता मी फक्त दोन थांबे घेऊन मारला. पुढे कित्येक वर्षं हा पराक्रम मी येईल त्याला ऐकवत होतो. सौ. त्या दिवशी उतरल्यावर बराच वेळ ओटीवरच बसून होती. पाय सरळ होत नव्हते. बोलली काहीच नाही, पण त्यानंतर माहेरी जायचं म्हटलं की एसटी. मला वाटायचं, तिला वाऱ्याचा त्रास होत असेल.

असो. तर "माझा रकाना" काही डोक्यातून जाईना. शेवटी एका रविवारी भाच्याला म्हटलं, तुझ्या गाडीवर मी मागे बसतो, खेड शिवापूरपर्यंत जाऊन येऊ. खोटं कशाला सांगू, इतकी वर्षं गाडी चालवली, पण लांबच्या रस्त्याला मागे बसायची ही पहिलीच वेळ.

कात्रज चढेपर्यंतच डोळे उघडले. समोर दिसतं ते फक्त हेल्मेट. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो हळूच बूड उचलतो. मागच्याला खड्डा गेल्यावर कळतो, थेट मणक्यात. ब्रेक कधी लागणार माहीत नाही, त्यामुळे दर वेळी पुढच्याच्या पाठीवर आपटायचं. सीट पुढे उतरती, फूटरेस्ट उंच, गुडघे पोटाशी. आणि हात ठेवायचे कुठे? चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, मागच्याच्या हातात त्याच्यावरचा विश्वास, बास.

अर्ध्या तासात पायाला मुंग्या आल्या. भाच्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली, जरा थांब म्हणून. पठ्ठ्याने अंगठा वर केला आणि वेग वाढवला!

घरी आलो आणि सौ.ला विचारलं, "अगं, तेव्हा गुहागरला जाताना तू माझ्या पाठीवर थापा मारल्या होत्यास ना?"

"तीनदा. उंब्रजला, घाट लागायच्या आधी आणि चिपळुणात."

"मला वाटलं शाबासकी देतेयस."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

इतक्या वर्षांनी गावांची नावं तिला पाठ होती, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी वही नवी केली. आता पहिला रकाना मागच्या सीटचा. सीट सपाट आहे का, फूटरेस्ट आणि सीटमध्ये अंतर किती, धरायला काय आहे, सायलेन्सर पोटरीला लागतो का, पाठीला टेका आहे का. हँडग्रिप, फूटरेस्ट आणि साडीगार्ड या गोष्टी तर केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या 123 व्या नियमात आहेत. गाडी दोघांसाठी आहे हे सरकारच्या लक्षात आलं होतं, माझ्याच आलं नव्हतं.

शोरूममध्ये आधी तिला बसवलं. हिमालयनची सीट 825 मिलीमीटर उंच, मागची त्याहून वर. सौ.ची उंची जेमतेम पाच फूट. "चढायला घरून स्टूल न्यायचं का?" संपला विषय. 40 अश्वशक्तींवर मी मुकाट्याने पाणी सोडलं. मीटिओरची पुढची सीट 765 मिलीमीटर, मागेही तिला सहज चढता आलं, आणि वरच्या मॉडेलला पाठीला टेका. ताकद निम्मी, वीसच अश्वशक्ती. पण आम्हाला शर्यत कुठे लावायचीय? क्रूझरचं मागचं सस्पेन्शन फार खोल दबत नाही, त्यामुळे मोठ्या खड्ड्यात दणका बसणारच. त्यावर उपाय एकच, सावकाश चालवणे.

दोघं बसल्यावर गाडी बदलते, हेही आता कळलं. भार मागे जातो, म्हणून मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड वाढवावा लागतो, नाहीतर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात. मागच्या टायरची हवा दोघांसाठी वेगळी, पुस्तिकेत बघून भरायची. थांबायला अंतर जास्त लागतं. जड सामान मागच्या टोकाला टांगायचं नाही, शक्य तितकं खाली आणि दोघांच्या जवळ बांधायचं. हेल्मेट अर्थातच दोघांना, आणि तिचं तिने घालून बघून घेतलेलं.

आणि एक नियम सौ.चा. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. शाबासकी घरी गेल्यावर.

जानेवारीत जाऊन आलो. चारचे पाच दिवस झाले. दोन थापा एकूण किती पडल्या ते मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी थांबलो. केळशीच्या अलीकडे तर काही कारण नसताना पडल्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही, थांबतोस का ते बघत होते."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने मला एकेरीत हाक मारली. सासूबाईंना मात्र आम्ही फाटकात उतरेपर्यंत ऐकवणार आहे की नाही, हे सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आधी लेकीच्या पायांकडे पाहिलं. ती तडक चालत मागच्या परसात गेली, विहिरीवर हातपाय धुवायला.