वारं गेलेल्या घरांतली टिपणं

मधुमेहाच्या पेशंटला साखर विचारली की उत्तर तयार असतं. उपाशीपोटी १४२, जेवणानंतर २१०, गेल्या महिन्यात जरा बरी होती. बीपी विचारलं की नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. 'नॉर्मलच असेल हो, काही त्रास नाही त्यांना.' मी फिजिओथेरपिस्ट. माझं काम अंगावरून वारं गेल्यानंतर सुरू होतं, त्यामुळे हा प्रश्न विचारायला मला कायम उशीरच झालेला असतो.

*

१९९८ साली ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप २ मधुमेह आणि उच्च रक्तदाब दोन्ही असलेले १,१४८ लोक, त्यांचे दोन गट. एका गटाचं बीपी सरासरी १४४/८२ वर आणलं, दुसऱ्याचं १५४/८७ वर राहिलं. वरच्या आकड्यात फरक अवघा दहाचा, पण तेवढ्यावर स्ट्रोकचं प्रमाण ४४ टक्क्यांनी घटलं. याच अभ्यासात साखर कडक ठेवणाऱ्यांचे डोळे आणि किडन्या वाचल्या, स्ट्रोक मात्र कमी झाले नाहीत.

२००४ मध्ये 'कार्ड्स' नावाचा अभ्यास आला. मधुमेहींना रोज १० मिलिग्रॅम ॲटोर्वास्टॅटिन दिल्यावर स्ट्रोक जवळजवळ निम्मे झाले. आणि आपल्याकडे लोक सगळ्यात आधी बंद करतात ती हीच गोळी. 'कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला, मग थांबवली.' अहो, तो चांगला आला तो गोळीमुळे!

*

साखर निर्दोष आहे असं कोणी यातून काढू नये. मधुमेह असला की गुठळीमुळे होणाऱ्या स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट होतो. किती वर्षांचा मधुमेह आहे याचाही हिशेब असतो. न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटनमधल्या लोकांवर केलेल्या अभ्यासात, मधुमेह दहा वर्षांहून जुना असेल तर धोका तिपटीच्या घरात गेलेला दिसला. मानेतल्या मोठ्या रोहिणीत चरबीचे थर साचतात, आणि मेंदूत खोलवर गेलेल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होऊन आतली वाट बुजते. ही दुसरी गोष्ट जास्त फसवी, कारण असे छोटे झटके अनेकदा कळतच नाहीत. एमआरआयमध्ये जुने ठिपके दिसतात आणि घरचे म्हणतात, 'यांना पूर्वी कधी काही झालंच नव्हतं.' विसरभोळेपणा, पाय घासत चालणं, उगाच चिडणं हे सगळं वयाच्या खात्यावर जमा झालेलं असतं.

*

'आमचे हे तर काटकुळे, यांना कशी शुगर?' हे वाक्य सातारा-सांगलीकडे फार ऐकायला मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्या माणसाची चरबी शर्टाच्या मापात दिसत नाही, पोटाच्या आत असते.

*

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात देशातलं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं. सगळ्यांत वर गोवा, २६.४ टक्के. याची बातमी सगळीकडे झाली. त्याच सर्वेक्षणात उच्च रक्तदाब ३५.५ टक्के लोकांना होता. त्याची चर्चा मी कुठे ऐकली नाही.

*

मधुमेहामुळे वाढणारा स्ट्रोकचा धोका बायकांमध्ये पुरुषांपेक्षा सुमारे पाव पटीने जास्त असतो. शास्त्रीय कारणं असतील ती असोत. मला घरात दिसतं ते असं: नवऱ्याच्या गोळ्या वाराच्या डबीत, सकाळ-संध्याकाळच्या खणांत नीट भरलेल्या. बाईच्या स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर, धूळ बसलेलं. डबी भरणारी तीच.

*

लकव्याचं सोंग घेणारी कमी साखर. सकाळची गोळी घेतली, नाश्ता राहिला, आणि अकराच्या सुमाराला एक हात जड, बोलणं बोबडं. घरचे 'पॅरालिसिस' म्हणून धावतात. बोटावर सुई टोचली की ग्लुकोमीटर ४२ दाखवतो. शिरेतून ग्लुकोज गेलं की बऱ्याचदा काही मिनिटांत माणूस उठून बसतो. म्हणूनच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी, बाकी कुठला रिपोर्ट हाती नसला तरी साखर बघितल्याशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत. म्हातारी माणसं, किडनी कमजोर झालेली माणसं आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, ही जोडी सांभाळावी लागते.

घरात ग्लुकोमीटर असेल तर अशा वेळी जरूर तपासा, पण तोंडात साखर-पाणी ओतू नका. अर्धांगात गिळण्याचे स्नायूही गेलेले असू शकतात आणि पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. चहाही नको. आणि शेजाऱ्यांनी सुचवलेली ॲस्पिरिन तर नकोच नको. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

*

आयसीयूच्या बाहेर नातेवाइकांची एक तक्रार ठरलेली: 'साखर १७० आहे आणि इन्सुलिन वाढवत नाहीत.' २०१९ साली अमेरिकेतल्या 'शाइन' अभ्यासाने हा प्रश्न बराचसा निकालात काढला. ताज्या स्ट्रोकचे १,१५१ रुग्ण, साखर वाढलेली. अर्ध्यांची शिरेतून इन्सुलिन देऊन ८० ते १३० मध्ये ठेवली, बाकीच्यांची १८० च्या आत. तीन महिन्यांनी चांगली सुधारणा पहिल्या गटात २०.५ टक्के लोकांत, दुसऱ्यात २१.६ टक्के. म्हणजे फायदा शून्य. उलट कडक गटात २.६ टक्के लोकांची साखर धोकादायक खाली गेली. १४० ते १८० हा आकडा डॉक्टर मुद्दाम धरतात, हयगय म्हणून नव्हे.

*

ज्याला कधी मधुमेह नव्हता त्याचीही साखर झटक्याच्या दिवशी वाढलेली सापडते. शरीरावर घाला आला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल साखर वर ढकलतात. खरा मधुमेह आधीपासून होता का, हे एचबीए१सी सांगतं, कारण त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे पहिल्यांदा कळतं ते स्ट्रोकच्या वॉर्डात.

*

आता माझा प्रांत.

मधुमेह असलेला पेशंट सावकाश सुधारतो, हे आम्हा लोकांना माहीत असतं. पुस्तकात त्याची कारणं मेंदूतल्या वाहिन्यांपासून सुरू होतात. माझ्या कामात ती खांद्यापासून सुरू होतात. अर्धांगात खांद्याचे स्नायू सैल पडतात आणि हाताच्या वजनाने सांधा खोबणीतून खाली सरकतो. त्यात मधुमेह्याचा खांदा मुळातच आखडण्याकडे झुकलेला. अशा माणसाला उठवताना घरचे काय करतात? काखेत हात घालतात आणि ओढतात, किंवा नुसता लुळा हात धरून खेचतात. पंधरवड्यात खांदा इतका दुखायला लागतो की हाताला स्पर्श करू देत नाहीत, आणि जो हात परत यायचा होता तो व्यायामाविना तसाच राहतो. उठवायचं असेल तर कमरेला रुंद पट्टा बांधा, नाहीतर जुनी साडी घट्ट गुंडाळा आणि तिला धरून उठवा. झोपताना लुळ्या हाताखाली उशी. बसताना हात मांडीवर किंवा टेबलावर, लोंबता नको.

दुसरं पाऊल. लोक लुळ्या पायाची काळजी करतात, मी आधी 'चांगला' पाय बघते. वीस वर्षांच्या मधुमेहात त्याच्याही तळव्याची जाणीव गेलेली असते. उभं राहायला शिकताना सगळा भार त्या पायावर, आणि त्याला जमीनच नीट कळत नाही. एका घरी आजोबा दारापासून पलंगापर्यंत चालून आले आणि सून म्हणाली, 'बाबा, चप्पल?' चप्पल उंबऱ्याशी पडली होती. पायातून सुटल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. त्या दिवशी वॉकरचा व्यायाम बाजूला ठेवून मी मागे पट्टा असलेल्या सँडलवर बोलले.

लोंबणाऱ्या पावलासाठी स्प्लिंट देतात. बधिर पायाला तो काचला तरी माणूस तक्रार करत नाही. स्प्लिंट काढल्यावर त्वचेवरची लाली अर्ध्या तासाने गेली नसेल तर तो न वापरता बदलून घ्यायचा. तळवा रोज आरशात बघायचा. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं नाही, फोड येईपर्यंत कळत नाही आणि मधुमेह्याचा फोड महिना-महिना भरत नाही. तेवढे दिवस चालणं बंद, आणि नेमके तेच सुधारणेचे दिवस. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो.

*

व्यायामाआधी साखर बघते. इन्सुलिन किंवा साखर पाडणारी गोळी चालू असेल आणि आकडा ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला लावते, मगच सुरुवात. घाम, थरथर, गोंधळ याला घरचे 'थकलेत बिचारे' म्हणतात. पेशंटला बोलता येत नसेल तर तो सांगणार तरी कसा?

*

कबुतराचं रक्त लावून चोळणं अजून चालतं. तेलाने मालीश तर सर्रास. मालीश करून घेतल्याने बरं वाटत असेल, जरूर करा, बधिर पायावर फक्त जोर नको. माझं भांडण मालिशीशी नाही, तिच्यासाठी घालवलेल्या दिवसांशी आहे. पहिला आठवडा गाडी करून कुठल्यातरी गावाच्या औषधासाठी जातो, तिथला माणूस 'इंग्रजी गोळ्या बंद' सांगतो, आणि बीपीची, रक्त पातळ करणारी, साखरेची सगळी औषधं एकदम थांबतात. दुसरा झटका अशाच घरात येतो.

*

२०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये भारतातला 'अटेंड' अभ्यास आला. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. घरच्या माणसालाच व्यायाम शिकवायचे आणि त्याने ते घरी करून घ्यायचे, अशी कल्पना. सहा महिन्यांनी बघितलं तर शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या गटांत काहीच फरक नाही. दोन्हींकडे ४७ टक्के लोक दगावलेले किंवा परावलंबी. सुनेला कागदावर व्यायामांची चित्रं दिली की काम भागलं, ही समजूत त्यात मोडीत निघाली. पैसे असलेल्याला घरी फिजिओ मिळतो, नसलेल्याला चित्रांचा कागद. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात शिकलेला माणूस बसवल्याशिवाय हे बदलणार नाही.

*

जेवण. पहिल्या दिवसांत पातळ पाणी ठसक्याला कारण होतं, म्हणून घट्टसर देतात. घरचे लगेच साबुदाण्याची खीर आणि केळ्याचं शिकरण काढतात, आणि साखर तीनशेवर जाते. मुगाचं घट्ट वरण, दही, ज्वारीच्या पिठाची आंबील हे सगळं घट्टच आहे. मान थोडी पुढे, ताठ बसवून, लहान चमच्याने. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

*

आणि एक. चेहरा वाकडा, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा. गुठळीचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 'ग्लुकोज चढवून बघू' म्हणणाऱ्या दवाखान्यात त्यातले दोन तास सहज जातात. निघताना चालू औषधांची पाकिटं पिशवीत टाका, साखर आणि बीपी दोन्हींची. आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी पाहिला, ती वेळ कागदावर लिहून घ्या. सकाळी पाच वाजता लक्षात आलं म्हणून पाच सांगू नका. रात्री दहाला नीट बोलून झोपले असतील तर वेळ दहाचीच धरतात.