इंदापूरच्या भाचीस: प्रसारणाच्या अभ्यासाविषयी

चि. भाचीस,


बारावीनंतर इलेक्ट्रॉनिक माध्यमे आणि प्रसारण हा विषय घ्यावा की नाही, घेतल्यास पुणे गाठावे की बारामतीच्या आसपासच राहावे, या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकांतून मिळण्यासारखे नाही. ते या विषयाच्या स्वरूपातच शोधावे लागते. प्रसारण म्हणजे एका ठिकाणी निर्माण झालेला ध्वनी किंवा दृश्य लहरींवरून, केबलवरून अथवा इंटरनेटवरून अशा असंख्य माणसांपर्यंत एकाच वेळी पोहोचवणे, ज्यांची नावे प्रसारकाला ठाऊक नसतात. या व्याख्येचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. पत्र पत्त्यावर जाते, प्रसारणाला पत्ता नसतो. म्हणूनच श्रोता कोण आहे, तो केव्हा मोकळा असतो, कोणत्या बोलीत विचार करतो आणि ऐकलेल्या गोष्टीचे पुढे काय करतो, हे शोधून काढणे हाच या विद्येचा गाभा ठरतो. ध्वनिमुद्रण, संकलन, प्रक्षेपण ही तंत्रे आवश्यक आहेत, परंतु ती या शोधानंतर येतात. ज्या अभ्यासक्रमात हा क्रम उलटा असतो तेथून यंत्र चालवणारा बाहेर पडतो, प्रसारक नव्हे.

या म्हणण्याला पुणे जिल्ह्याच्याच इतिहासात भक्कम आधार आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि अवघ्या अडीच वर्षांत, १९५६ च्या पूर्वार्धात, युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्राने एक प्रयोग हाती घेतला, ज्याचा उल्लेख विकास-संवादाच्या, म्हणजे लोकांच्या राहणीमानात बदल घडवू पाहणाऱ्या माध्यमव्यवहाराच्या, अभ्यासात जगभर होतो. त्याचा मूळ नमुना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा होता. तेथे १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्यांसह एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. पुण्याच्या प्रयोगासाठी पुण्यासह पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडली गेली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि लिहिता-वाचता येणारा एक निमंत्रक, आठवड्यातून दोन सायंकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आणि असे दहा आठवडे मिळून एकूण वीस कार्यक्रम, अशी ही योजना होती. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळ बोलायला बसे, निमंत्रक चर्चेचा वृत्तान्त व शंका पुण्याला कळवी आणि पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांना उत्तरे दिली जात. एकतर्फी समजल्या जाणाऱ्या माध्यमाला परतीची वाट जोडण्याचा हा विचार होता. अभ्यासक त्यालाच प्रतिसाद किंवा प्रत्याभरण म्हणतात.

प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी केले, आणि त्याची मांडणी विद्यार्थ्याने बारकाईने पाहावी अशी आहे. मंडळे असलेल्या गावांबरोबरच रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, तसेच रेडिओही नाही अशी गावे तुलनेसाठी घेतली गेली आणि सर्वत्र आधी व नंतर प्रश्न विचारून ज्ञानातील फरक मोजला गेला. मंडळांच्या गावांत भर ठळक पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. याचा अर्थ असा की संच बसवल्याने गाव शहाणे होत नाही, ऐकल्यावर चार माणसे आपसांत बोलली तरच ऐकलेले अंगी लागते. पुढे १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली; मात्र मंडळांची संख्या वाढवणे जितके सोपे असते, तितके प्रत्येक शंकेला वेळेवर उत्तर देणे सोपे नसते, आणि प्रसारणाच्या मोठ्या योजना नेमक्या याच ठिकाणी ढिल्या पडतात.

तंत्राचा भागही श्रोत्यापासून वेगळा काढता येत नाही. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींचे प्रक्षेपण १०० किलोवॉट शक्तीचे आहे. मध्यम लहरी जमिनीच्या अंगाने दूरवर जातात, म्हणून ते बारामती-इंदापूरच्या पलीकडेही ऐकू येऊ शकते. एफएममध्ये ध्वनीच्या चढउतारानुसार लहरीची वारंवारता बदलत नेली जाते. त्यामुळे खरखर कमी होते आणि आवाज स्वच्छ येतो, पण ही लहर साधारण नजरेच्या टप्प्याइतकीच धावते. सामुदायिक केंद्राला म्हणजे एखाद्या परिसरातील लोकांसाठी, त्यांच्याच सहभागाने, नफ्याचा हेतू न ठेवता चालणाऱ्या केंद्राला साधारणपणे १०० वॉटपर्यंतची परिणामी प्रक्षेपणशक्ती आणि ३० मीटरपर्यंतचा मनोरा एवढीच मुभा असते, आणि त्याचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरच्या घरात राहतो. बारामती आणि इंदापूर या गावांत सुमारे ५० किलोमीटरचे अंतर आहे. म्हणजे बारामतीच्या अशा केंद्राचे प्रक्षेपण इंदापूरच्या घरातील रेडिओ संचावर लागत नाही. सामुदायिक रेडिओची ही मर्यादा म्हणजे त्याचे व्यक्तिमत्त्वही आहे, कारण दहा कोसांवर न पोहोचणाऱ्या केंद्राला दोन कोसांवरच्या माणसाला टाळता येत नाही.

अशी केंद्रे उभी राहू शकली ती एका न्यायनिर्णयामुळे. बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यातील सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला, न्या. पी. बी. सावंत हे त्या पीठावर होते. प्रसारण वाहून नेणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठी व्हावा, असे त्या निकालात म्हटले गेले. त्यानंतर डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना, आणि नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही परवान्याचा मार्ग खुला झाला. बारामतीत या दोन्ही वाटांनी केंद्रे आली: विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेची ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर आणि माळेगाव परिसरातील कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ९०.८ मेगाहर्ट्झवर. एका तालुक्याच्या गावाजवळ अशी दोन केंद्रे असणे हे प्रसारणाच्या विद्यार्थ्याला मोठे धन आहे.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील श्रोता मात्र एकजिनसी नाही, आणि अभ्यासाचा खरा कस तेथेच लागतो. नीरा डाव्या कालव्याखालचा ऊसवाला बागायतदार आणि सुपे-मोरगाव बाजूचा पावसाकडे डोळे लावून बसणारा जिरायतदार यांना एकच कृषिसल्ला उपयोगी पडत नाही. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याने जुनी गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते. या काठावर विस्थापितांची कुटुंबे आहेत, मच्छीमार आहेत, आणि भिगवणला रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना नावेतून नेणारे नावाडी आहेत. भवानीनगर, माळेगाव, बिजवडी येथील साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगार येतात आणि चार-पाच महिने कोप्यांत राहतात; त्यांची मुले, त्यांची दुखणी, मुकादमाकडची उचल हे सारे या परिसराचेच जीवन आहे, पण हा श्रोता पावसाळ्यात येथे नसतो. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात पुरुषमंडळी दारे धरायला रानात असतात, म्हणून रात्री साडेआठचा कार्यक्रम ज्याच्यासाठी बनवला तो घरी नसतोच. उलट खिशातल्या मोबाइलवर एफएम लागत असेल तर तोच कार्यक्रम बांधावर ऐकला जातो. कार्यक्रमपत्रिका, म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी काय प्रसारित करायचे याचे नियोजन, वर्गात बसून आखता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

ध्वनिमुद्रणाचा एकच प्रसंग घेतला तरी पुरे. डाळिंबाच्या बागेत शेतकऱ्याची मुलाखत घ्यायची झाल्यास ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, त्याच्या तोंडापासून साधारण एका वितीवर आणि किंचित बाजूला धरावा लागतो. समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना श्वासाचा धक्का बसतो, आणि दूर धरला तर मोटारीचा आवाज माणसाच्या आवाजावर चढतो. वाऱ्यासाठी माइकवर स्पंजाची टोपी घातली जाते. मुलाखत संपल्यावर कोणी काहीही न बोलता त्याच जागेचा मिनिटभराचा आवाज वेगळा मुद्रित केला जातो, कारण संकलनात, म्हणजे मुद्रित भाग कापून जोडताना, सांध्यांखाली तो पसरला नाही तर ऐकणाऱ्याला प्रत्येक जोड खटकतो. हे सारे आठवडाभरात शिकून होते. मात्र तेल्या रोगाने बाग काढून टाकलेल्या माणसाला पहिला प्रश्न खर्चाचा विचारावा की फवारणीचा, तो ‘व्हय’, ‘न्हाय’ म्हणत बोलत असता निवेदिकेने आपली प्रमाण मराठी किती सैल करावी, आणि तो गप्प झाला तर किती वेळ गप्प राहू द्यावे, हे शिकायला वर्षे लागतात, आणि ज्यांच्यात वाढली त्या माणसांत राहून इंदापूरच्या मुलीला ते जितके लवकर येईल तितके शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला येणार नाही.

पुण्याचे महत्त्व याने कमी होत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील पत्रकारिता विभाग, विद्यापीठाच्या आवारातील माध्यम व संज्ञापन अभ्यास विभाग, शैक्षणिक चित्रफिती बनवणारे शैक्षणिक बहुमाध्यम संशोधन केंद्र, १०७.४ मेगाहर्ट्झवरील ‘विद्यावाणी’ आणि १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या फिल्म संस्थेची दूरचित्रवाणी शाखा, एवढे सारे एका शहरात आहे. संशोधनपद्धती, माध्यमांचे कायदे, कॅमेरा आणि मोठ्या स्टुडिओचे काम यांसाठी पदव्युत्तर टप्प्यावर पुण्याला जाणे योग्यच ठरेल.

सामुदायिक रेडिओची एक उणीव सांगणे आवश्यक आहे. त्याला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. बातम्या द्यायच्या तर त्या आकाशवाणीच्याच. कालव्याचे आवर्तन लांबले तर त्यावर कृषिसल्ला देता येतो, पण ते का लांबले याची बातमी देता येत नाही, आणि ज्या श्रोत्याला या दुसऱ्या प्रश्नाचीच अधिक निकड असते त्याच्यावर हा अन्याय आहे. हा निर्बंध उठावा, यासाठी प्रसारण शिकलेल्या पिढीने अभ्यासपूर्वक आग्रह धरला पाहिजे.

तेव्हा पदवीची तीन वर्षे घराजवळ राहून, विषय कोणताही घेतला तरी, बारामतीच्या एखाद्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून निवेदन, मुद्रण आणि श्रोत्यांची विचारपूस ही कामे करावीत, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याला जावे, हा या पत्रातील सल्ला आहे. कोणत्याही विभागाच्या प्रवेशअर्जावर सही करण्यापूर्वी तेथे प्रत्यक्ष जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: विद्यार्थ्यांनी तयार केलेले कार्यक्रम दर आठवड्याला किती मिनिटे प्रत्यक्ष प्रसारित होतात, आणि श्रोत्यांकडून आलेली पत्रे, फोन वा संदेश कोण वाचते. उपकरणांची यादी त्यानंतर पाहावी. दोन्ही प्रश्नांना नीट उत्तर न मिळाल्यास त्या विभागात फी भरू नये.