खेमा

सिंदेवाहीजवळच्या एका अंगणवाडीत लसीकरण चाललं होतं. नर्सबाईंनी कार्डावरचं नाव वाचलं, "क्षेमा." कोपऱ्यातली म्हातारी नातीला कडेवर घेऊन उठली. "खेमा हाय जी, खेमा." पोरीची आई कानकोंडी झाली. "आई, खेमा नाही, क्षेमा." म्हातारी शांतपणे म्हणाली, "तेच तं म्हनून रायली मी."

पोर नऊ महिन्यांची, गोवर-रुबेलाची पहिली लस. टोचली, रडली, पुढचं नाव आलं. ते दोन उच्चार मात्र माझ्या कानात दिवसभर राहिले.

नावही विरळाच. हल्ली सान्वी, काव्या, आरोही अशी हाक मारली की दोन-तीन पोरी एकदम वळतात. गोड नावं आहेत, पण कानावरून घसरून जातात. क्षेमा ऐकलं की थांबावं लागतं. क्षेम म्हणजे कल्याण, निर्धास्तपण. योगक्षेमातलं, क्षेमकुशलातलं.

इथल्या झाडीपट्टीच्या जिभेला ण, श, ष, ळ मानवत नाहीत. पाणी ते पानी, डोळा तो डोरा. माझी आजी विशाखाला विसाखा म्हणायची आणि शाळेत चार अक्षरं शिकून आलेला मी तिला दुरुस्त करायचो. ती हसून पुन्हा विसाखाच म्हणायची.

1956 च्या ऑक्टोबरात आजोबा छोट्या गाडीनं चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेले होते. 14 तारखेला नागपूर झालं, 16 ला बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. आजोबा परतले आणि घरातली नावं बदलली. आधीच्या पोरी भिकी, धुरपता. नंतरच्या सुजाता, यशोधरा, संघमित्रा. आजीला अक्षरओळख नव्हती. वर्षावासात विहारात कुणीतरी वाचायचं, ती ऐकून यायची आणि रात्री अंगणात खाटेवर आम्हाला सांगायची. तिची लाडकी खेमा. बिंबिसाराची राणी, रूपाचा मोठा अभिमान बाळगणारी. पुढे भिक्खुनी झाली आणि प्रज्ञेत सगळ्या भिक्खुनींच्या पुढे गेली. एकदा कोसलाचा राजा पसेनदी तिला विचारतो, तथागत मरणानंतर असतात की नसतात? ती उलट विचारते, राजा, गंगेची वाळू मोजून एवढे कण आहेत असं सांगेल, असा कुणी हिशेबनीस तुझ्याकडे आहे का? नाही, राजा म्हणतो. समुद्राचं पाणी मापणारा? तोही नाही. तथागतही तसेच, खोल, मापात न मावणारे. राजा उठून तिला वंदन करतो. आजी गंगेच्या जागी वैनगंगा घालायची. मग सुपातले मूठभर तांदूळ माझ्यापुढे ओतून म्हणायची, "मोज." मी दोनशेच्या आसपास पोचायचो आणि तिथंच झोपायचो. सकाळी कानाखाली एखादा दाणा चिकटलेला असायचा.

आजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी पालीतली नावं नागरीत छापलेली वाचायला मिळाली. खेमा. विसाखा. यसोधरा. पालीत श नाही, ष नाही, क्ष नाही. ण आणि ळ आहेत, म्हणून झाडीबोली म्हणजे पाली असं मी म्हणत नाही. पण मी जिला दुरुस्त करत होतो, तिचा उच्चार मुळाला धरून होता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईचं नाव थेरीगाथेत आहे तसंच माझ्या आजीच्या तोंडी होतं. त्या अंगणवाडीतल्या म्हातारीच्या तोंडीही तेच आहे.

निघताना पोरीच्या आईशी बोललो. जन्माची नोंद झाली आहे, पण दाखल्यावर नाव अजून चढलेलं नाही. जन्मनोंदीत बाळाचं नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क लावता येतं. म्हणजे अजून तीन महिने आहेत.

बाई, खेमा लिहा.